आबांचा स

सांगली,
१२ जानेवारी २०२५

तानाजी,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेल. नवा कागद घेता आला असता, पण या पत्रात खोडलेलं लपवायचं नाही असं ठरवून बसलोय. मोठ्या भावानं आशीर्वाद लिहायचे असतात खरं, पण मला तो अधिकार उरलाय का, याची खात्री नाही.

सेलमचा पत्ता तुझ्या जोडीच्या गुंडानं दिला. दिवाळीला तो गावी आला होता. तुझा नंबर काही दिला नाही. “तानाभाऊ मला गलाईच्या भट्टीत घालील,” म्हणाला. तुम्ही दोघं सोनं आटवता तिथं एक माणूस सहज मावेल, असंही म्हणाला. म्हणून पत्र.

बातमी अशी की आबांना दात बसवतोय. वरचे सगळे.

एडक्यानं पाडलेले पुढचे चार तर तू जन्मायच्या आधीच गेले होते. तू गेल्यावर उरलेलेही एकेक करून हलले. काही तंबाखूनं नेले, काही वयानं. तीन वर्षांपूर्वी वरचा जबडा पूर्ण रिकामा झाला. दहिवडीला कवळी करून घेतली. पाडव्याला देवळापुढं आबा ओवीचं सुंबरान मांडायला उभे राहिले आणि पहिल्याच उंच ‘सुं’ला कवळी सुटून ढोलावर पडली. आई म्हणाली, “घ्या, बिनटिपरीचा ढोल वाजला!” सगळे हसले, आबाही हसले. घरी येऊन त्यांनी कवळी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली. त्यानंतर ते गायले नाहीत. हळूहळू बोलणंही आटलं. शब्द फुसफुसत बाहेर पडायचा, समोरचा ‘काय?’ म्हणायचा, आणि दुसऱ्यांदा सांगायचा त्यांना कंटाळा यायचा. शेवटी भाकरीही दुधात कुस्करून.

मग मी त्यांना इथं आणलं. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून आहेत, पस्तिशीच्या आतल्याच. त्यांनी गेल्या ऑगस्टमध्ये वरच्या जबड्याच्या हाडात सहा बारीक स्क्रू बसवले. त्यानंतर चार महिने काहीच करायचं नाही, नुसतं थांबायचं. त्या काळात हाड त्या धातूला हळूहळू आपलं म्हणून धरतं. मी विचारलं, “चिकटवायला काही घालता का?” त्या म्हणाल्या, “काही नाही. हाडच वाढत जाऊन त्याला मिठी मारतं.” मी पंचवीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतोय. शिसं, तांबं, पारा सगळं हाताळलं. पण जिवंत हाड धातूला परकं मानत नाही, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री वहीत एवढंच लिहिलं.

डिसेंबरात त्या स्क्रूंवर तात्पुरते दात बसवले. प्लास्टिकचे, पण पक्के, काढ-घाल नाही. पक्के दात करण्याआधी तोंडाला सवय व्हावी आणि बोलणं तपासता यावं म्हणून. खुर्चीतून उठता उठता आबांनी मला हाक मारली, “अमृत,” आणि आईनं दाराकडं मान वळवली. तिला वाटलं, दुसरंच कुणीतरी आत आलं.

पुढं जे पाहिलं ते तुला सांगायचंय, कारण घरात ते समजेल असा माणूस तूच.

“आजोबा, साठपासून सत्तरपर्यंत मोजा,” डॉक्टर म्हणाल्या.

“कशाला? मेंढरं तर समदी इकली.”

“मला तुमचा स ऐकायचाय. साठ, एकसष्ट, बासष्ट, सगळ्यांत येतो.”

“मंग स म्हना म्हनायचं की डाक्टरीणबाई. उगं अकरा आकडं कशाला खर्चायचं?”

मोजलं. प्रत्येक स ला बारीक शीळ वाजत होती, आणि त ला जीभ अडखळत होती. तेव्हा डॉक्टरांनी टाळूवर आणि दातांच्या मागं पांढरी भुकटी मारली, म्हणाल्या, “आता नुसतं त म्हणा. एकदाच.” आणि छोटा आरसा आत धरून मला दाखवलं. जीभ जिथं टेकली तिथली भुकटी पुसली गेली होती. घोड्याच्या नालेच्या आकाराचा ओला ठसा. पुन्हा भुकटी मारली, स म्हणायला लावला. या वेळी दोन्ही कडांना ठसा, आणि मधे एक अरुंद पांढरी वाट तशीच राहिलेली. त्या वाटेनं वारा जातो, पुढच्या दातांच्या धारेवर आपटतो, आणि त्याला आपण स म्हणतो.

आबांनीही आरशात पाहिलं. “म्हंजी त ऱ्हातो कुटं ते घावलं,” म्हणाले.

दातांची मागची बाजू डॉक्टरांनी फिरत्या सुईनं जराशी घासली. मी विचारलं, किती? “अर्धा मिलिमीटरही नाही.” पुन्हा मोजायला लावलं. सहासष्टला शीळ नव्हती. तानाजी, मी काट्याच्या तराजूवर केस तोलला आहे, पण अर्ध्या मिलिमीटरमधे माणसाचं बोलणं बदलताना पाहिलं नव्हतं.

आता आबा स्वच्छ बोलतात. शेजारचे म्हणतात, म्हातारा रेडिओवानी बोलतो. भाकरीही चावतात. पण गात नाहीत.

बारा वर्षांपूर्वी त्या यात्रेत झालं ते झालं. आज एवढंच.

अमृत


सांगली,
२६ जानेवारी २०२५

तानाजी,

उत्तराची वाट पाहिली म्हणून नव्हे, काम आहे म्हणून लिहितोय. आधी काम सांगतो.

मंगळवारी आबांना डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, “आजोबा, गाऊन बघितलंत?”

“बगितलं.”

“मग?”

“ह्ये त्वांड ब्येस हाय. पर ह्यातनं जो येतो त्यो म्या न्हवं.”

आई खुर्चीमागं उभी होती. म्हणाली, “आवं, तुमी न्हाई तर मग कोन? शेजारचा गुरव?”

“तू गप गं. तुला काय कळतंय गान्यातलं?”

“चाळीस वर्सं म्याच ऐकलं की! दुसरं कोन व्हतं ऐकायला, शेरडं?”

डॉक्टर हसल्या, पण त्यांनी ते सोडून दिलं नाही. म्हणाल्या की पुढचे चार दात नव्हते तेव्हा वारा मोकळा सुटत असणार, आणि आबांनी गाणं त्या वाऱ्यासकट बसवलं असणार. पक्के दात करताना हवं तर पुढं फट ठेवता येईल. कुठं, किती, हे मात्र कळायला हवं. नेहमी दात आधी बसतात आणि जीभ दोन-चार महिन्यांत त्यांच्याशी जुळवून घेते. पण कोणत्या आवाजाकडं जायचं, हे जिभेला ठाऊक लागतं. त्यांनी आबांना विचारलं, “तुमचा तेव्हाचा आवाज कसा होता?”

आबांनी जिभेनं नवे दात चाचपले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “कसा व्हता रं?”

मला सांगता येईना. मी ‘जाडसर’ म्हणालो, ‘वाऱ्यासारखा’ म्हणालो, आणि दोन्ही शब्द म्हणताना कळत होतं की हे काहीच नाही. डॉक्टर म्हणाल्या, कुणालाच स्वतःचा आवाज सांगता येत नाही. आपण स्वतःला कानापेक्षा हाडांतून जास्त ऐकतो. बाहेरच्यांना जो ऐकू येतो तो आपला आवाज आपण आयुष्यात कधी ऐकलेलाच नसतो. मला हे वाचून माहीत होतं. पण आबांचा चेहरा पाहिल्यावर पहिल्यांदा समजलं. साठ वर्षं गायलेला माणूस, आणि ज्या आवाजासाठी लोक तीन-तीन कोस चालत आले, तो आवाज गावात एकट्या त्यांनीच ऐकलेला नाही.

नव्व्याण्णवच्या यात्रेची कॅसेट आईच्या ट्रंकेत होती. ओल लागून फीत ताणली आहे. ढोल ऐकू येतो आणि त्यामागं कुणीतरी विहिरीच्या तळातून ओरडावं तसं काहीतरी. आबांमागं ओळ उचलणारे, झील धरणारे हरिबाकाका करोनात गेले. त्यांच्यानंतर आबांची झील धरलेला एकच माणूस उरला आहे.

सुंबरान आणि पुढच्या वीस ओळी म्हण. मोबाईलवर भर आणि गुंडाच्या फोनवरून मला पाठव. झील जशी धरायचास तशीच, काही सुधारू नकोस. चोवीस फेब्रुवारीला डॉक्टर पक्क्या दातांचं माप पुढं कारखान्यात पाठवणार आहेत. एकदा ते दात झाले की फट घालणं किंवा बुजवणं होणार नाही. म्हणजे त्यानंतर आबांचं जे तोंड असेल तेच शेवटपर्यंत.

तू नाही म्हणालास तरी मला बोल लावता येणार नाही. त्या दिवशी मी पाण्याच्या घागरीजवळ होतो. सगळं माझ्यासमोर झालं. मी मधे पडायला हवं होतं. पडलो नाही.

अमृत


सांगली,
२७ जानेवारी २०२५

तानाजी,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आलो. रोजच्या वहीत ‘मी मधे पडलो नाही’ हे वाक्य लिहायला घेतलं आणि हात थांबला. कपाटातून २०१३ ची वही काढली. त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे: ‘तानाजीला मार बसला. वाईट वाटलं.’ मी स्वतःला वहीत खोटं न लिहिणारा माणूस समजत होतो. ते पान खोटं आहे, आणि कालचं पत्रही.

झालं ते असं.

यात्रेचा तिसरा दिवस, भर दुपार. आबा पुढं गात होते, तू मागं झील धरून होतास. तुझ्या पाठीमागचे लोक हसायला लागले. एका म्हाताऱ्याच्या पटक्याचा सुटलेला शेव शेळी खात होती आणि त्याला पत्ता नव्हता, त्याला ते हसत होते. आबांना शेळी दिसत नव्हती. मागं वळल्यावर त्यांना तू दिसत होतास, आणि तुझ्यामागं हसणारी माणसं. ओवीचा एक भाग संपला तसे ते घागरीजवळ पाणी प्यायला आले. मला म्हणाले, “का हसत्यात रं?”

मी म्हणालो, “तानाजी तुमच्या फटीची नक्कल करतोय.”

मला शेळी दिसत होती.

मी हे का म्हणालो, यावर मी बारा वर्षांत पुष्कळ कारणं जमवली. त्यातलं खरं एकच आहे असं वाटतं. नऊ वर्षांचा असताना आबांनी मला झील धरायला बसवलं होतं. चार दिवसांनी डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू शाळा शीक.” मायेनंच म्हणाले. दोन वर्षांनी तुला बसवलं. तू पाच वर्षांचा. पहिल्याच दिवशी तू ओळ उचललीस आणि हरिबाकाका ढोल थांबवून तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी त्या दिवसापासून शाळा शिकलो. पहिला नंबर सोडला नाही. पण तुझ्या शेजारची जागा मला कधी मिळाली नाही. हे कारण आहे. सबब म्हणून लिहीत नाही.

झील म्हणजे नक्कलच असते, हे मला माहीत होतं. गाणारा जशी ओळ टाकेल तशीच्या तशी उचलायची, श्वासाचाही फरक करायचा नाही. तू आबांना दातांसकट कधी पाहिलंच नव्हतंस. तुझ्या लेखी त्यांच्या स मधला वारा हा ओवीचाच भाग होता, चालीसारखा, ठेक्यासारखा. म्हणून तुझे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर असताना तू तो स म्हणत होतास. कुणी तुला सांगितलं नाही की ती फट आहे, ओवी नव्हे. आबांनाही ठाऊक नव्हतं की त्यांच्या गाण्यात ती आहे. हे दोन्हीकडून जाणणारा तिथं मीच एकटा होतो.

आबांनी ढोलाची पहिली टिपरी मारल्यावर तू म्हणालास, “आबा, तुमी म्हंता तसंच म्हंतोय की मी.”

ते खरं होतं. आबांना ती कबुली वाटली. म्हणून दुसरी टिपरी, आणि “माझ्या तोंडाला हसनारा माझा न्हवं” हे वाक्य. तू ढोल खाली ठेवलास, बिरोबाच्या पायरीला हात लावलास आणि चालू लागलास. मी पाणी भरत राहिलो.

आधी आवाज मागितला आणि कबुली नंतर दिली, याचीही लाज वाटते. आधी कबुली दिली तर तू पाठवणार नाहीस, असा हिशोब आत कुठंतरी झाला असणार. आता दोन्ही पत्रं एकदमच पोचतील बहुधा. तुला वाटेल ते कर.

आबांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

अमृत


मुक्काम वाडी, तालुका माण,
९ फेब्रुवारी २०२५

तानाजी,

आज सांगितलं.

तेरा दिवस लागले. एकदा डॉक्टरांकडं जाताना बसमध्ये सांगणार होतो, विट्यापर्यंत तोंड उघडलं नाही आणि विट्यानंतर आबांना झोप लागली. दुसऱ्यांदा आईचं निमित्त केलं. आज रविवार धरून मुद्दाम गावी आलो.

आबा लिंबाखाली चातीवर लोकर कातत बसले होते. मेंढरं विकली तरी चाती सोडली नाही, शेजाऱ्यांची लोकर आणून कातत बसतात. मी समोर बसलो आणि तुला पत्रात लिहिलं तसंच सगळं सांगितलं, शेळीसकट. ते कातत राहिले. सूत एकदाही तुटलं नाही.

आई आतून ऐकत होती. बाहेर आली ती हातातली परात घेऊनच. “बारा वर्सं,” म्हणाली. “बारा वर्सं माझं लेकरू परमुलखात धूर खातंय, आन् तू वही लिवीत बसलास? बी.एस्सी. झाला म्हनं! ह्ये शिकलास व्हय शाळंत?” मग परात खाली ठेवून तिथंच बसली. रडली नाही. मला तिचं रडणं परवडलं असतं.

आबा माझ्याशी काही बोलले नाहीत. चाती थांबवून आईला विचारलं, “मग त्यो म्हनत व्हता त्यो आवाज…”

“तुमचाच,” आई म्हणाली. “त्या दिशीबी तुमचाच, त्याच्या आदीबी तुमचाच. म्या घरात भाकरी थापताना ऐकलं तर कळत नसं की बाप गातोय का ल्योक. तुमी कवा इचारलं का?”

आबा लिंबाच्या खोडाकडं बघत म्हणाले, “म्हंजी त्या दिशी म्या माझा आवाज ऐकला. जल्मात एकदाच ऐकला. आन् वळकला न्हाई.”

मी अजून त्या वाक्यातून बाहेर आलेलो नाही. माझ्या खोटेपणाबद्दल ते चिडतील, मला हाकलतील, याची तयारी करून आलो होतो. ते तिथं नव्हतेच. ते बारा वर्षांमागं, भर दुपारी, पोराच्या तोंडून आलेला स्वतःचा आवाज शोधत होते. जो त्यांना शत्रूचा वाटला होता.

संध्याकाळच्या गाडीची वाट बघत फाट्यावर हे लिहितोय. निघताना पायांना हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

तुझ्याकडून काही आलेलं नाही. पत्रं पोचली असतील. गुंडाला फोन केला, तर म्हणाला, “वाचली त्यानं. वाचून भट्टीम्होरं बसला. मी काय इचारलं न्हाई.” पंधरा दिवस राहिलेत. मी आठवण करून देत नाही, फक्त तारीख लिहितो: चोवीस.

अमृत


सांगली,
२२ फेब्रुवारी २०२५

तानाजी,

तुझा आवाज परवा आला. चार मिनिटं बारा सेकंद. मागं भट्टीच्या पंख्याची घरघर आहे. सुरुवातीला तू दोनदा खाकरलास आणि ‘म्हंतो’ असं म्हणालास. कुणाला म्हणालास ते कळलं नाही.

आज सकाळपर्यंत मी तो ऐकला नव्हता. माझ्या आधी आबांनी ऐकायला हवा असं वाटलं. फोन दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. हे लिहितोय ते चांगुलपणाचं वाटावं म्हणून नव्हे. भीतीही होती की बारा वर्षांत तोही पुसला गेला असेल, आणि मग माझ्यामुळं दोन्ही आवाज गेले असतील.

आज सकाळी आबा-आईला घेऊन डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फोन संगणकाला जोडला. आबा खुर्चीत, आई स्टुलावर, मी दाराला टेकून.

तू सुंबरान मांडलंस.

तानाजी, कसं लिहू? पहिल्या ‘सुं’लाच आई उठून उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, देवळात ओढते तसा. आबांचा उजवा हात आपोआप कानाकडं गेला आणि डावा हवेत ढोल शोधत राहिला. पंखा, भट्टी, मधेच कुणीतरी तमिळमधे ओरडलं, त्या सगळ्यातून तो स येत होता. माळावर वारा बाभळीत शिरतो आणि बाहेर पडताना बदललेला असतो, तसा. सोळाव्या वर्षी मी परीक्षेचा अभ्यास करताना अंगणातून यायचा तो. मी तेव्हा कान बंद करायचो.

डॉक्टरांना ओवीतलं काही कळत नव्हतं. त्या पडद्यावरच्या रेषा बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “यांचे पुढचे दात आहेत ना?”

“सगळे आहेत,” मी म्हणालो.

“शक्य नाही.” त्यांनी पुन्हा लावलं. आबांचा दात नसतानाचा पहिल्या दिवशी भरलेला स त्यांच्याकडं होता. तो आणि तुझा असे शेजारी ठेवले. “हे बघा. भरल्या दातांचा स असा वर, टोकदार येतो. यांचा खाली पसरलाय, दात नसलेल्या माणसाचा येतो तसा. म्हणजे दातांच्या मागं हे जिभेनं एक फट करतायत. जी यांच्या तोंडात नाहीच, ती. आणि प्रत्येक स ला, इतक्या वेगात.” त्या खुर्चीत मागं टेकल्या. “मी तोंडं बघते रोज. असं बघितलं नव्हतं.”

आबांनी विचारलं, “ह्यो म्या हाय?”

“तुमीच,” आई म्हणाली. “हितं बसलाय त्यो कोन ते मला ठावं न्हाई. पर त्यो तुमीच.”

त्यांनी आणखी दोनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलत होते. तुझ्या ओळीमागून ते नव्या दातांनी, अगदी हळू, झील धरत होते. बाप लेकाची. मी खाली बघितलं.

मग डॉक्टरांनी विचारायचा तो प्रश्न विचारला. आता त्यांना अंदाज आला आहे. मधल्या दोन दातांत एवढी, मागं एवढी, अशी फट ठेवता येईल. बोलणं थोडं अस्पष्ट होईल, खाण्याला अडचण नाही. जीभ दोन महिन्यांत शिकेल. ठेवायची?

मला वाटलं, एवढं सगळं यासाठीच तर केलं. आबा म्हणाले, “नगं.”

“आजोबा, परत विचार करा. सोमवारी माप गेलं की बदलता यायचं नाही.”

“केला. फट ठेवू नगा.” आणि मग त्यांच्या त्या नव्या, स्वच्छ, रेडिओवानी आवाजात, “त्यो आवाज त्याच्याकडं हाय. चांगला हाय. एक आवाज दोगांनी कशापायी धरून बसायचा? मला आता नीट बोलायचं हाय. बारा वर्सांचं बोलायचं ऱ्हायलंय, त्ये फुसफुसत बोलू व्हय?”

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. “कागूद हाय का?” म्हणाले. माझ्या पिशवीत वही होती. “म्या सांगतो तसं लिव. तुजं घालू नगंस.” पुढं लिहिलंय ते त्यांचं आहे, माझं काही घातलेलं नाही.

‘तानाजी. ऐकलं. तिसऱ्या ओळीला दम मोडलास. म्या तितं दम घेत न्हवतो, जल्म म्हनूस्तवर एका दमात जायाचं. तमाखू वडतूस का काय? वडत आसलास तर सोड. सातव्या ओळीला ढोल नाय म्हनून घाई केलीस, ते चालंल. बाकी ब्येस हाय. माज्यापरास ब्येस हाय, पर ह्ये आयला सांगू नगंस. टिपरी माज्या हातात व्हती. सांगनारा कुनी आसू दे, हात माजा व्हता. त्ये मी इसरत न्हाई, तू इसर म्हनत न्हाई. यात्रंला ये. म्या पुडं उबा ऱ्हानार न्हाई. तू पुडं, म्या मागं. नव्या दातांनी झील धरतो, जमतीया का बगू. नाय जमली तर तू मला हान.’

इथं आई म्हणाली, “आवं, मारायचं कशाला लिवताय!” आबा म्हणाले, “लिव म्हनतोय न्हवं.” लिहिलं. मग त्यांनी शेवटचं सांगितलं. सांगताना माझ्या पेनाकडं बघत होते, सगळं उतरतंय की नाही ते.

‘अमृतला म्या सोडलं न्हाई अजून. त्याचा निवाडा तू आल्यावर दोगं मिळून करू.’